हवामानाची बातमी आणि शेताचा बांध



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली तीही १८७५ सालीच. हा योगायोग आहे. त्यात काही गूढ शोधावे असे आम्ही सुचवीत नाही. तथापि दोन्हीकडचा व्यवसाय बोलण्याचा आहे एवढे खरे. इकडे वक्ता व्यासपीठावरून बोलतो, तिकडे खाते पुण्या-मुंबईच्या कचेरीतून बोलते. आणि दोघांनी काय सांगितले यापेक्षा ऐकणाऱ्याने घरी काय नेले यावरच त्या बोलण्याचा हिशेब ठरतो. यंदा पाऊस किती पडणार हे ऐकायला कोणी आले असतील तर त्यांची निराशा होईल. पाऊस हा आमचा विषय नाही. पावसाची बातमी हा आमचा विषय आहे.

देवणीचे नाव महाराष्ट्राबाहेर पोचले ते येथल्या गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे त्या वंशाचे तीन प्रकार. ठिपके कोठे आहेत आणि तोंड किती काळे आहे यावरून जाणता माणूस लांबूनच सांगतो की जनावर कोणते. बैलजोडी घेताना आमचा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, दोन बाजार हिंडतो. तोच शेतकरी पावसाची बातमी मात्र न पारखता घेतो. दोष त्याचा नाही. जनावर पारखण्याची विद्या त्याला बापाकडून मिळाली. बातमी पारखण्याची विद्या त्याला कोणी दिलीच नाही. आणि ती बातमी त्याच्यापर्यंत पोचविणारे आपण, म्हणजे दुकानदार, मास्तर, पतपेढीतले कारकून, बसथांब्यावर वर्तमानपत्र वाचून दाखविणारे, आपणही ती कधी पारखली नाही.

एक वाक्य घेऊ. 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता आहे.' जून महिन्यात हे वाक्य आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकले असेल. त्यातला एकही शब्द शोभेसाठी घातलेला नाही. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या प्रदेशात जेवढी पर्जन्यमापक केंद्रे आहेत त्यांपैकी शंभरात पंचवीसपर्यंत ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हटले की पन्नासपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हटले की पंचाहत्तरपर्यंत, आणि त्याच्या वर गेले म्हणजे 'बहुतांश ठिकाणी'. शिवाय खात्याच्या कोशात नुसत्या 'शक्यता' या शब्दालाही माप आहे: शंभरात पंचवीस ते पन्नास. पन्नासाच्या वर शक्यता असेल तर खाते तिच्यापुढे वेगळे विशेषण लावते. तेव्हा वरच्या वाक्याचा सरळ अर्थ असा की चार गावांपैकी फार तर एका गावी पाऊस पडेल, आणि तेही होण्यापेक्षा न होण्याचा संभव अधिक.

हे वाक्य मुंबईहून निघते. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते 'मराठवाड्यात पाऊस' असे होते. दूरध्वनीच्या पडद्यावर ते 'उद्यापासून जोरदार' असे होते. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर बसलेला माणूस म्हणतो, 'लागलं बघा, मोठं सांगितलंय.' आणि बांधावर पोचते तेव्हा त्याचे दोनच शब्द उरतात: 'पाऊस येतोय.' वाटेत 'तुरळक' गळाला, 'शक्यता' गळाली, तारीख गळाली. या प्रवासात कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने एकेक शब्द तेवढा कमी केला. गळालेल्या शब्दांची किंमत मात्र एकट्याने मोजायची असते, आणि ती बियाण्याच्या पोत्याने.

सोयाबीनचे बी एकरी सुमारे तीस किलो लागते. वरच्या चार बोटांच्या ओलीवर ते पेरले तर उगवते, हे तर संकट! उगवलेच नसते तर एक वेळ मातीत थांबले असते. पण कोंब फुटतो, दोन पाने दिसतात, वरून ऊन तापते, काळी माती आवळून येते आणि रोप जागीच करपते. तो कोंब पुन्हा बी होत नाही. मग दुबार पेरणी. पहिले पोते उधारीचे, दुसरेही उधारीचे, आणि दुसऱ्याला व्याज अधिक. गावातल्या किराणा दुकानापासून मुलीच्या लग्नापर्यंत सारे त्या दुसऱ्या पोत्याच्या मागे सरकते. म्हणून हा विषय शेतकऱ्यांच्या मेळाव्यात न मांडता गावकऱ्यांच्या सभेत मांडावा असे आम्हांला वाटले.

२०१७ सालच्या जुलै महिन्यात बीड जिल्ह्यात एक विलक्षण गोष्ट घडली. माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात जाऊन हवामान खात्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली. खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले, त्यावर विसंबून आम्ही पेरण्या केल्या, पाऊस गडप झाला, आणि हे सारे बियाण्याच्या व औषधांच्या कंपन्यांशी संगनमताने झाले, असा त्यांचा आरोप होता. शहरांतल्या वर्तमानपत्रांना ही बातमी गंमतीची वाटली. आम्हांला ती मुळीच गंमतीची वाटत नाही. संगनमताचा आरोप आम्हांला पटत नाही. पण माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढतो तेव्हा त्याच्या हातून काहीतरी खरेखुरे गेलेले असते.

आता गुंतागुंत पाहा. त्या वर्षी खात्याने साऱ्या देशासाठी सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, आणि जूनमध्ये तो आकडा ९८ वर नेला. हंगाम संपला तेव्हा देशाचा पाऊस भरला ९५ टक्के. म्हणजे दिल्लीच्या वहीत ते भाकीत जवळपास बरोबर ठरले! देशाचा आकडा बरोबर आणि माजलगावचे शेत कोरडे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. देशाच्या सरासरीत आसाम येतो, कोकण येते, केरळ येते. चार महिन्यांची बेरीज एकत्र होते. जुलैतले तीन आठवडे त्या बेरजेत दिसतसुद्धा नाहीत. पिकाला मात्र तेच तीन आठवडे दिसतात. खात्याने प्रश्नाचे उत्तर दिले होते, पण तो प्रश्न शेतकऱ्याचा नव्हता.

याचा अर्थ खाते कधी चुकतच नाही असा कोणी काढू नये. २००२ साली देशात सर्वसाधारण पाऊस होईल असे सांगितले गेले आणि एकट्या जुलैत निम्माच पाऊस झाला. त्याही आधी १८९९ साली, ज्याला आपले वाडवडील छप्पनचा दुष्काळ म्हणत, त्या वर्षीही पाऊस बरा होईल अशी आशा दाखविण्यात आली होती. त्यानंतर १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती या खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या वायुभाराचे आकडे त्यांनी मांडले आणि पॅसिफिक महासागराच्या एका टोकाला वायुभार वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, असा एक मोठा झोका शोधून काढला. आज ज्याला एल निनो म्हणतात त्याच्या अभ्यासाचे हे एक मूळ. १९७२ सालचा दुष्काळ ज्यांनी सोसला त्यांना त्या वर्षी पॅसिफिकचे पाणी तापले होते हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर खडी फोडण्याचे काम हलके झाले असते असेही नाही. २०१५ साली तेच झाले, आणि २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पण १९९७ साली पॅसिफिक सपाटून तापला असूनही आपल्या देशात पाऊस सरासरीएवढा पडला. तेव्हा 'एल निनो आला, आता दुष्काळ' हे वाक्यसुद्धा 'तुरळक' गळालेलेच वाक्य समजावे.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर अडचण आणखी आहे. सह्याद्री अरबी समुद्राचे ढग पिळून घेतो. आपल्याकडे येते ते उरलेसुरले. मराठवाड्याला जून ते सप्टेंबर मिळून सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस मिळतो, आणि त्यातला चांगला वाटा बंगालच्या उपसागरात उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी आणलेला असतो. तो पट्टा थोडा उत्तरेला गेला की विदर्भ भिजतो आणि आपण आभाळाकडे बघत बसतो. बाकीचा पाऊस गडगडाटी, बांधाबांधाने पडणारा. आणि देवणीची तर आणखी एक गंमत आहे. सीमेपलीकडे भालकी तालुका आहे. १९५६ पर्यंत देवणी हे उदगीर तालुक्यातले गाव होते आणि उदगीर बीदर जिल्ह्यात होते, म्हणजे एकाच जिल्ह्याचे आभाळ. आज देवणीचा शेतकरी मराठवाड्याचे हवामानवृत्त ऐकतो ते मुंबईचे, आणि भालकीतला त्याचा सोयरा ऐकतो उत्तर अंतर्गत कर्नाटकाचे, बंगळूरचे. ढगाला मात्र सीमेवरच्या दगडाची ओळख नाही. शहाण्याने दोन्ही वृत्ते ऐकावीत.

येथे कोणी म्हणेल की यापेक्षा आपले पंचांग बरे. पंचांगाचा आम्ही उपहास करणार नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची गणना शेकडो वर्षांच्या अनुभवाने बसविलेली आहे आणि शेतीच्या कामांना तिने एक घडी दिली. पण नक्षत्राच्या वाहनाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजावयाचे, नवाने भागावयाचे, बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव की हत्ती ते ठरते. या भागाकारात कोठेही ढग येत नाही, वारा येत नाही, समुद्र येत नाही. शिवाय नक्षत्रांवर आधारलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे मृग दर सत्तर-एक वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. आज तो ७-८ जूनला लागतो. सतराशे वर्षांपूर्वी तो मेच्या मध्याला लागत होता. नक्षत्र सरकले, पाऊस सरकला नाही. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरून साऱ्या महाराष्ट्राचे पीकपाणी सांगितले जाते. लोक श्रद्धेने जातात. जावे. पण परत येताना बियाण्याचे पोते घेऊन येऊ नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

मग विसंबावे कशावर? मराठीत या बाबतीत कामाची एक सेवा बरीच वर्षे चालू आहे आणि तिची आपण पुरेशी कदर केलेली नाही. पुण्यात १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली शेतीच्या हवामानाची शाखा निघाली. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी वेगळे हवामानवृत्त निघू लागले, आणि १९७६ पासून त्याला पिकांच्या सल्ल्याची जोड मिळाली. आपल्याकडे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हा सल्ला निघतो. त्यात पुढल्या पाच दिवसांचा पाऊस, वारा, तापमान असते, आणि मुख्य म्हणजे काय करावे ते असते: फवारणी आज करा की थांबा, काढलेले पीक झाका, वीज कडाडत असता जनावरे झाडाखाली बांधू नका. त्यात एक वाक्य वर्षानुवर्षे येते, आणि ते आम्हांला साऱ्या भाकितांपेक्षा मोलाचे वाटते: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हे वाक्य पुढे काय होईल ते सांगत नाही. जे होऊन गेले ते मोजा म्हणते.

२०२५ साली या वाक्याची परीक्षा झाली. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईत इतक्या लौकर तो आल्याची नोंदच नव्हती. मराठवाड्यातही मे महिन्यात धो धो पाणी झाले. नाले वाहिले, लोक म्हणाले, मृग आधीच आला. त्या वेळी हवामान खाते आणि कृषी खाते दोघांनी सांगितले की घाई करू नका, ही चाल थांबणार आहे. आणि ती थांबली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस जागचा हलला नाही. ज्यांनी ऐकले त्यांचे बी घरात राहिले. पुढे त्याच वर्षी ऑगस्टात मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावे पाण्याखाली गेली आणि सप्टेंबरात साऱ्या मराठवाड्यात उभी सोयाबीन कुजली. तेव्हा ७५ मिलिमीटरचे वाक्य उपयोगी नव्हते. तेव्हा लाल इशाऱ्याचा उपयोग होता. इशाऱ्याचे रंगही शिकून घ्यावेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा.

आता यंत्रे सुधारली आहेत हे सांगितलेच पाहिजे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली नवी भाकीतपद्धती मे २०२५ मध्ये सुरू झाली. पूर्वी बारा किलोमीटरचा चौकोन धरून गणित होई, आता सहा किलोमीटरचा धरतात. फार मोठी प्रगती. तरी सहा किलोमीटरचा चौकोन म्हणजे जवळजवळ नऊ हजार एकर. त्यात आपले पाच एकर कोठे ते संगणकालाही दिसत नाही. ते दिसण्यासाठी मधे माणूस लागतो. असा माणूस असावा म्हणून कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हावार हवामान केंद्रे उघडली होती. तालुक्याचे भाकीत घेऊन ते स्थानिक भाषेत, स्थानिक पिकांसाठी लिहून देणे हे त्यांचे काम. २०२४ च्या आरंभी अशी १९९ केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला. गणित सूक्ष्म करावयाचे आणि ते समजावून सांगणारा माणूस काढून टाकावयाचा, ही काटकसर आम्हांला उमगत नाही. शेवटच्या कोसाचा गाडीवान कमी करून कोणी मालाची वाहतूक सुधारीत नाही.

राहता राहिली मोजणी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती? एका एकरावर चार हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी. २०१६ च्या १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी आली ती दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटरांची. सारा देश ती पाहत होता. तेवढे पाणी म्हणजे पाच एकरांवर पंचवीस मिलिमीटर पाऊस, एका बऱ्या सरीचा! असे आकड्यात पाहू लागले की 'चांगला पाऊस झाला' हे बोलणे किती पोकळ आहे ते कळते. चांगला म्हणजे किती? परभणीचा सल्ला ७५ मागतो. आपल्या रानात ४० झाला की ९०, हे कोण सांगणार?

सरकारने महावेध योजनेखाली राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारली आहेत. पण एका मंडळात अनेक गावे आणि यंत्र एक. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा नियम आहे आणि नुकसानीच्या मदतीचा विचार त्यावर चालतो. यंत्राशी ५० पडला आणि तीन कोसांवरच्या शिवारात ९०, तर त्या शिवाराच्या बाजूने बोलायला कागद नसतो. गावाची स्वतःची वही असेल तर निदान एक साक्ष तरी उभी राहील. ती मान्य होईलच असे आश्वासन आम्ही देत नाही.

पर्जन्यमापक ही फार महाग वस्तू नाही, आणि तो वाचायला पदवी लागत नाही. रोज सकाळी साडेआठ वाजता वाचावयाचा, कारण साऱ्या देशात तीच वेळ आहे. साडेआठच्या आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे पडतो. पाऊस झाला नसेल तर शून्य लिहावयाचे, जागा कोरी सोडावयाची नाही. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर खात्याच्या हिशेबी तो पावसाचा दिवस धरीत नाहीत, पण वहीत तोही लिहावा. शाळेतली सातवी-आठवीची मुले हे काम मोठ्या आवडीने करतील. सुट्टीत कोण करणार ते आधी ठरवून ठेवावे, कारण पहिला पाऊस नेमका सुट्टीत येतो. आकडा चावडीजवळच्या फळ्यावर लिहावा: आजचा किती, हंगामाची बेरीज किती. खाली परभणीचा सल्ला जसाच्या तसा, तारखेसकट. आपल्यापैकी जे दूरध्वनीवर पावसाच्या बातम्या पुढे धाडतात त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात: कोणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले, कोणत्या भागासाठी सांगितले. तिन्हींपैकी एकही नसेल तर ती बातमी आपल्यापाशीच ठेवावी. मागल्या वर्षीच्या वादळाचे चित्र यंदा फिरताना आपण सर्वांनीच पाहिले आहे.

एप्रिलच्या मध्याला देशाचे भाकीत येते, मेअखेरीस ते सुधारून येते. दोन्ही जरूर वाचा, आणि त्यांवरून धरणाचा, कर्जाचा, बियाण्याच्या साठ्याचा विचार करा; पेरणीचा करू नका. मृगाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात पर्जन्यमापकाची जागा पाहून ठेवता येईल. जागा उघडी असावी, वर झाड नसावे, आणि जवळच्या भिंतीची जेवढी उंची असेल तिच्या निदान दुप्पट अंतरावर ते बसवावे. नाहीतर तिरपा पाऊस भिंत अडविते आणि आकडा कमी येतो. कोणाला काही विचारावयाचे असल्यास अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही येथे बसलो आहोत.